छात्रसैनिकांचे दहा दिवसांचे उन्हाळी शिबिर: कोल्हापुरातील पालक आणि छात्रसैनिक वारंवार विचारतात ते प्रश्न

वार्षिक परीक्षा आटोपत आल्या की राष्ट्रीय छात्र सेनेच्या, म्हणजेच एनसीसीच्या, वार्षिक प्रशिक्षण शिबिराची यादी लागते आणि शाळेच्या व्हरांड्यात पालकांची गर्दी होते. सहयोगी छात्रसेना अधिकारी, म्हणजे शाळेत एनसीसी सांभाळणारा शिक्षक, या नात्याने मुलांना घेऊन शिबिराला जाण्याचे काम मी बरीच वर्षे करीत आलो आहे. या काळात जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले गेले, त्यांची उत्तरे येथे सविस्तर दिली आहेत. तारखा, स्थळ आणि त्या वर्षीच्या सूचना यांबाबत मात्र आपल्या बटालियनचे पत्रकच प्रमाण मानावे.

हे शिबिर नेमके कोणाचे असते आणि त्यात कोणाला जाता येते?

हे शिबिर राष्ट्रीय छात्र सेनेचे असते. ही संघटना १९४८ च्या कायद्याने त्या वर्षी १५ जुलै रोजी अस्तित्वात आली आणि पुढच्याच वर्षी तिच्यात मुलींचा विभाग सुरू झाला. महाराष्ट्र संचालनालयाच्या अखत्यारीत कोल्हापूर हा एक गट आहे. शहरात ५ महाराष्ट्र बटालियन, ५६ महाराष्ट्र बटालियन आणि ६ महाराष्ट्र गर्ल्स बटालियन अशी पथके आहेत. आपले मूल यांपैकी कोणत्या पथकाचे, हे त्याची शाळा किंवा महाविद्यालय कोणत्या पथकाशी जोडलेले आहे त्यावर ठरते. शाळेतील मुले-मुली कनिष्ठ विभागात मोडतात व त्यांचे प्रशिक्षण दोन वर्षांचे असते. महाविद्यालयीन विद्यार्थी वरिष्ठ विभागात मोडतात व त्यांचे प्रशिक्षण तीन वर्षांचे असते. शिबिरात केवळ नोंदणी झालेल्या छात्रसैनिकांनाच प्रवेश मिळतो. धाकट्या भावाला किंवा शेजारच्या मुलाला सोबत धाडता येईल का, असे दर वर्षी कोणीतरी विचारते. तसे करता येत नाही.

शिबिराला जाणे सक्तीचे आहे का?

मुलाची इच्छा नसताना त्याला पाठवू नये, असे माझे मत आहे. मात्र प्रशिक्षणाच्या टप्प्यांवर मिळणाऱ्या ‘ए’, ‘बी’ आणि ‘सी’ प्रमाणपत्रांच्या परीक्षांना बसण्यासाठी वर्गातील उपस्थितीबरोबर शिबिराचीही अट असते, हे आधीच ध्यानात घ्यावे. पहिल्या वर्षी टाळलेले शिबिर शेवटच्या वर्षी बोर्डाच्या किंवा पदवीच्या परीक्षेजवळ येऊन पडते आणि मग धावपळ होते. शक्य असेल तर पहिली संधी सोडू नये.

किती खर्च येतो?

निवास, भोजन आणि प्रशिक्षण यांचा खर्च शासन करते. त्यासाठी पालकांकडून शुल्क घेतले जात नाही. साबण, तेल, वही, मोजे अशा वैयक्तिक वस्तूंचा खर्च तेवढा आपला असतो. मुलाजवळ मोठी रक्कम देऊ नये. दिवसभर सगळे मैदानावर असतात आणि बॅगा खोलीत राहतात, त्यामुळे पैसे हरवले तर एका मुलाच्या शंकेने चाळीस मुलांची खोली नासते.

दिवसाचा क्रम कसा असतो?

पहाटे पाचच्या सुमारास शिट्टी होते. चहा-बिस्किटे झाली की हजेरी आणि त्यानंतर पीटी, म्हणजे शारीरिक कसरत, असते. आठच्या आसपास नाश्ता होतो आणि मग गणवेशात संचलन, शस्त्रप्रशिक्षण, नकाशावाचन आणि व्याख्याने असे तास ओळीने होतात. दुपारच्या जेवणानंतर थोडी विश्रांती मिळते. उन्हे उतरली की खो-खो, व्हॉलीबॉल, रस्सीखेच हे खेळ सुरू होतात. संध्याकाळच्या हजेरीला दुसऱ्या दिवसाचे आदेश वाचून दाखवले जातात, रात्री जेवण आणि सांस्कृतिक कार्यक्रमाची तयारी होते आणि दहाच्या सुमारास दिवे मालवले जातात. क्रम शिबिरागणिक थोडाफार बदलतो.

पालकांना हा क्रम वाचून धडकी भरते ती पहाटेच्या शिट्टीने. प्रत्यक्षात मुले पहाटे उठण्याला लवकर सरावतात, कारण दिवसभराच्या श्रमांनी पाठ टेकली की झोप लागते. त्यांना जड जाते ते वेगळेच: शिट्टीनंतर पंधरा-वीस मिनिटांत प्रातर्विधी उरकून, अंथरुणाची घडी घालून, बुटांच्या नाड्या बांधून रांगेत उभे राहणे. घरी ही कामे आई अर्धी आणि मूल अर्धी करते. म्हणून शिबिराआधी आठवडाभर तरी ही सगळी कामे मुलाने घड्याळ लावून एकट्याने करावीत. त्या आठवड्याचा जितका उपयोग होतो, तितका नव्या सामानाच्या खरेदीचा होत नाही.

सोबत काय द्यावे? बुटांबद्दल एवढे बजावून का सांगितले जाते?

खाकी गणवेशाचे दोन जोड, बेरे टोपी तिच्या लाल तुऱ्यासह, पट्टा, काळे बूट, पीटीसाठी पांढरे कपडे आणि कॅनव्हासचे बूट, अंथरूण-पांघरूण, मच्छरदाणी, स्वतःचे ताट, वाटी व मग, कुलूप, बॅटरी, सुई-दोरा, बूट-पॉलिश आणि ब्रश एवढे सामान लागते. प्रत्येक वस्तूवर नाव घालावे. एकाच रंगाचे, एकाच मापाचे शेकडो मोजे जेथे वाळत पडतात, तेथे नाव नसलेला मोजा पुन्हा हाती लागत नाही.

आता बुटांविषयी. शिबिराच्या आदल्या संध्याकाळी महाद्वार रोडला जाऊन नवे बूट आणायचे आणि दुसऱ्या दिवशी तेच घालून मुलाला धाडायचे, ही चूक दर वर्षी होते. कोऱ्या बुटाचे कातडे टाचेवर घासते, पहिल्याच संध्याकाळी फोड येतो, दुसऱ्या दिवशी तो फुटतो आणि तिसऱ्या दिवसापासून ते मूल चपला घालून मैदानाच्या कडेला बसलेले दिसते. बूट किमान पंधरा दिवस आधी आणावेत आणि मुलाने ते रोज अर्धा-पाऊण तास घालून चालावे. मोजे सुती किंवा लोकरीचे जाड असावेत आणि रोज बदलावेत, कारण घामाने ओले झालेले कातडे लवकर सोलवटते. बूट संध्याकाळच्या मापाचे घ्यावेत, कारण दिवसभर उभे राहून पाय किंचित सुजतात. फोड आलाच तर तो टाचणीने फोडू नये. स्वच्छ पट्टी लावून शिबिरातील वैद्यकीय कक्षात दाखवावा.

वैद्यकीय प्रमाणपत्र आणि संमतीपत्र ही केवळ औपचारिकता आहे का?

मुळीच नाही. या एका प्रश्नाचे उत्तर पालकांनी सावकाश वाचावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

एका शिबिरात नववीतला एक मुलगा सकाळच्या धावण्यात मागे पडला आणि मैदानाच्या कोपऱ्यात गुडघ्यांवर हात टेकून उभा राहिला. छातीतून शिटीसारखा आवाज येत होता आणि त्याला एक वाक्य पुरे बोलता येत नव्हते. त्याच्या प्रमाणपत्रावर कोणताही आजार लिहिलेला नव्हता. त्याच्या शेजारी झोपणाऱ्या मुलाने पळत जाऊन बॅगेच्या तळाशी मोज्यात गुंडाळलेला इनहेलर आणला, तेव्हा आम्हाला दम्याचा उलगडा झाला. ‘दमा लिहिला तर निवड होणार नाही’, या भीतीने घरच्यांनी तो लपवायला सांगितला होता. शेजारच्या मुलाला ते ठाऊक नसते तर काय झाले असते, हा विचार आजही माझ्या मनातून जात नाही.

दमा, फिट्स, हृदयाचा विकार, मधुमेह, एखाद्या औषधाची किंवा मधमाशीच्या दंशाची ॲलर्जी, अलीकडे झालेली शस्त्रक्रिया, जुने हाड मोडलेले असणे, झोपेत चालणे, अंथरूण ओले होणे, यांपैकी जे काही असेल ते लेखी कळवावे आणि अधिकाऱ्याला समक्ष भेटून सांगावे. यांतल्या सगळ्याच गोष्टींमुळे शिबिर नाकारले जाते असे नाही. पुष्कळदा धावण्यातून सूट, झोपायला वरच्या खाटेऐवजी खालची खाट किंवा औषधाची वेळ पाळण्याची व्यवस्था एवढ्याने भागते. संकोचाच्या गोष्टी चारचौघांत बोलल्या जात नाहीत. नियमित औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीसह द्यावीत आणि ती कोणत्या वेळी घ्यायची हे मुलालाही पाठ असावे.

एप्रिल-मेच्या उन्हात मुलांना त्रास होत नाही का?

काळजी न घेतल्यास होतो. कोल्हापूरचा उन्हाळा विदर्भासारखा नसला, तरी दुपारचे ऊन मोकळ्या मैदानावर सोसवत नाही, त्यामुळे श्रमाचे तास सकाळी आणि सायंकाळी ठेवले जातात. तरीही मुले चक्कर येऊन पडतात आणि ती बहुधा धावताना पडत नाहीत, तर सावधानमध्ये ताठ उभी असताना पडतात. एकाच जागी गुडघे घट्ट ताणून उभे राहिले की पायांतले रक्त वर ढकलणारे पोटऱ्यांचे स्नायू हलत नाहीत, मेंदूला होणारा रक्तपुरवठा क्षणभर कमी पडतो आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. म्हणून आम्ही मुलांना शिकवतो की गुडघे किंचित सैल ठेवा, बुटाच्या आत पायाची बोटे हलवत राहा आणि गरगरू लागले तर लाजू नका, तेथेच खाली बसा. उपाशीपोटी आलेले मूल हमखास पडते. सकाळचा चहा नको म्हणणाऱ्या मुलांवर आमचे विशेष लक्ष असते.

पाणी तहान लागण्याची वाट न पाहता थोडे थोडे प्यावे. जुलाब किंवा फार घाम झाल्यास एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ हे मिश्रण प्रत्येक छात्रसैनिकाला करता आले पाहिजे. चमचा चहाचा, हे विसरू नये, कारण मीठ जास्त झाले तर त्याचा अपायच होतो. अंग तापलेले आहे आणि मूल असंबद्ध बोलते आहे, असे दिसल्यास तो उष्माघात समजून त्याला लगेच सावलीत आणावे, अंगावर पाणी ओतून वारा घालावा आणि विलंब न लावता रुग्णालयात हलवावे. शुद्ध हरपलेल्या मुलाच्या तोंडात पाणी घालू नये.

उन्हाइतकीच सावधगिरी वळवाची बाळगावी लागते. दुपारी चारच्या सुमारास पश्चिमेकडे आभाळ काळवंडते, धुळीचे लोट उठतात आणि पाठोपाठ विजांसह पाऊस कोसळतो. अशा वेळी खेळ अर्धवट थांबवून सर्वांना पक्क्या इमारतीत नेले जाते. झाडाखाली, ध्वजस्तंभाजवळ किंवा तंबूच्या लोखंडी खांबाला टेकून कोणी उभे राहायचे नाही, हा नियम पहिल्याच दिवशी सांगितला जातो.

संचलनावर इतका वेळ का घालवला जातो?

सावधानमध्ये टाचा जुळलेल्या, पंजांत ३० अंशांचा कोन, मुठी बंद आणि अंगठा पँटच्या शिवणीला टेकलेला. विश्राममध्ये डावा पाय १२ इंच बाजूला. वाचताना हे सोपे वाटते. तीस मुलांच्या तुकडीत हे एकाच क्षणी घडवून आणायला चार-पाच दिवस लागतात. आदेशाचे दोन भाग असतात: ‘दाहिने’ हा इशारा आणि ‘मुड’ ही प्रत्यक्ष कृती. या दोहोंच्या मधल्या क्षणात मुलाने घाई न करता तयार राहायचे असते, आणि तेच कठीण असते. हुशार मुले नेहमी आधी वळतात. त्यांना उत्तर ठाऊक असते, पण थांबणे ठाऊक नसते. आपली पावले शेजाऱ्याच्या पावलांशी जुळवण्यासाठी त्याच्याकडे मान न वळवता त्याचे भान ठेवावे लागते, आणि हे भान मुले पुढे स्नानगृहाच्या रांगेत, जेवणाच्या पंगतीत आणि रात्री दुसऱ्याची झोप न मोडता पाणी पिऊन येण्यातही दाखवू लागतात. मला संचलन शिकवायला आवडते ते याच कारणासाठी.

मुलाला हिंदी नीट येत नाही. त्याची अडचण होईल का?

पहिले दोन दिवस होते. आदेश हिंदीत असतात आणि प्रशिक्षक जवान देशाच्या कोणत्याही प्रांतातले असू शकतात. शाहूवाडी, गगनबावडा किंवा चंदगडच्या वाडीवस्तीवरून आलेली मुले सुरुवातीला ‘पीछे मुड’ला शेजाऱ्याकडे पाहून वळतात, चौथ्या दिवशी तीच मुले तुकडीला आदेश देताना दिसतात. हिंदी सुधारत बसण्यापेक्षा ‘समजले नाही’ असे मोठ्याने म्हणायला मुलाला शिकवून पाठवावे.

बंदूक चालवणे सुरक्षित असते का?

होय, आणि तसे ते राहावे यासाठी रेंजवर अतिशय कडक शिस्त पाळली जाते. छात्रसैनिकांना पॉइंट टू टू, म्हणजे ०.२२ इंच व्यासाच्या नळीची, रायफल शिकवली जाते. गोळीबाराआधी तिचे भाग, धरण्याची पद्धत आणि सुरक्षिततेचे नियम यांचे तास पूर्ण करावे लागतात. गोळीबार पोटावर झोपून, प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली होतो. रेंजवर लाल निशाण असते, आदेशाविना कोणी रायफलीला हात लावत नाही, नळीचे तोंड कायम लक्ष्याकडे असते आणि बोट शेवटच्या क्षणापर्यंत घोड्याच्या, म्हणजे ट्रिगरच्या, बाहेर असते. झाडलेल्या प्रत्येक गोळीची रिकामी पुंगळी मोजून परत घेतली जाते. आठवण म्हणून पुंगळी खिशात घालून घरी आणणे हा गंभीर गुन्हा मानला जातो, हे मुलाला बजावून सांगावे.

नवखे मूल ‘मधोमध लागली का?’ असे विचारते. प्रशिक्षक आधी ग्रुपिंग पाहतो, म्हणजे पाच गोळ्या एकमेकींच्या किती जवळ पडल्या हे पाहतो. गोळ्या एका कोपऱ्यात पण जवळजवळ पडल्या असतील, तर धरणे, नेम, श्वास आणि घोडा दाबणे या चारही क्रिया प्रत्येक वेळी सारख्याच झाल्या असे समजते आणि उरलेला दोष दुरुस्त करता येतो. विखुरलेल्या गोळ्यांतली एखादी मधोमध बसली, तर तो योगायोग असतो. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी २०१० मध्ये म्युनिक येथे ५० मीटर रायफल प्रोन प्रकारात विश्वविजेतेपद मिळवले, ते अशाच झोपून नेम धरण्याच्या प्रकारात. आणि राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक पटकावले. शिबिरातील पाच गोळ्यांनी कोणी नेमबाज होत नाही, परंतु आपल्याला हे जमते आणि आवडते, हे कळण्याची पहिली संधी अनेक मुलांना येथेच मिळते.

नकाशावाचन आणि फील्डक्राफ्टमध्ये काय शिकवतात?

नकाशावरील सांकेतिक खुणा ओळखणे, होकायंत्राने दिशा ठरवणे, चार आणि सहा अंकी ग्रिड संदर्भ (नकाशावरील उभ्या-आडव्या रेषांच्या आकड्यांनी जागा सांगणे) काढणे, अंतराचा अंदाज बांधणे, जमिनीच्या उंचसखलपणाचा आडोसा घेणे आणि हातांच्या इशाऱ्यांनी संदेश देणे हे यात येते. ग्रिड संदर्भात आधी पूर्वेकडचा आकडा आणि मग उत्तरेकडचा, हा क्रम मुले हमखास उलटा करतात आणि मग रंकाळ्याच्या जागी भलताच डोंगर सापडतो.

घड्याळावरून दिशा शोधण्याची एक पद्धत पुस्तकांत असते: तासकाटा सूर्याकडे धरायचा, तो आणि बाराचा आकडा यांच्या मधोमध दक्षिण येते. कोल्हापुरात मेच्या दुपारी ही पद्धत फसते. आपले अक्षांश साधारण १६.७ अंश उत्तर आहेत, त्यामुळे मेच्या पहिल्या आठवड्यात मध्यान्हीचा सूर्य नेमका डोक्यावर येतो, उभ्या काठीची सावली नाहीशी होते आणि त्यानंतर काही आठवडे तो मध्यान्ही किंचित उत्तरेकडेच असतो. मैदानात काठी रोवून मुलांना हे दाखवले की पुस्तकातला नियम कोठे लागू पडतो आणि कोठे नाही, हा प्रश्न ती आपणहून विचारू लागतात. रात्री सप्तर्षींवरून ध्रुव शोधणे मात्र येथेही चुकत नाही.

आपत्ती व्यवस्थापनाचा तास कोल्हापुरात कशासाठी?

२०१९ आणि २०२१ चे महापूर ज्या जिल्ह्याने पाहिले, तेथे हा प्रश्न खरे तर पडू नये. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. पावसाळ्यात हे आकडे आपल्याकडे घरोघर बोलले जातात, पण आकडा वाढला म्हणजे आपल्या घरात कोणी काय करायचे, हे फारच थोड्या घरांत ठरलेले असते. शिबिरात मुलांना दोराच्या गाठी, घोंगडी आणि दोन काठ्यांपासून स्ट्रेचर करणे, रक्तस्राव दाबून थांबवणे, मोडलेल्या हाडाला आधार देणे आणि हृदय बंद पडलेल्या माणसाला द्यायचा छातीदाब (सीपीआर) शिकवला जातो. छातीदाबात मिनिटाला १०० ते १२० या गतीने, प्रौढ माणसाची छाती पाच-सहा सेंटिमीटर दबेल इतक्या जोराने दाब द्यायचा असतो. प्रशिक्षित व्यक्ती ३० दाबांमागे २ श्वास देते. पुतळ्यावर दोन मिनिटे हे केले तरी दंडाला कळ लागते, म्हणून दोघांनी आळीपाळीने करावे, हेही त्याच वेळी कळते.

पुराच्या पाण्यात उतरून वाचवायला जाऊ नये, हे आम्ही पुन्हा पुन्हा सांगतो. काठावरून दोर, काठी किंवा झाकण घट्ट लावलेला रिकामा डबा टाकावा आणि मदत बोलवावी. वारणा-पंचगंगेत पोहायला शिकलेल्या मुलांना आपल्या पोहण्याचा फार भरवसा असतो, आणि वाहत्या, गढूळ पाण्यात तोच भरवसा जीवावर बेततो.

मुलींच्या निवासाची व्यवस्था कशी असते?

मुलींचा निवास आणि स्नानगृहे स्वतंत्र असतात, तेथे महिला अधिकारी व मुलींच्या प्रशिक्षिका मुक्कामी असतात आणि पहारा असतो. मासिक पाळीचे साहित्य सोबत द्यावे. त्या दिवसांत धावणे किंवा अडथळ्यांचा सराव नको असल्यास मुलीने महिला अधिकाऱ्यांना तसे सांगावे; कारण विचारून तिला अवघडून टाकले जात नाही. प्रशिक्षण मात्र मुलामुलींचे सारखेच असते. ‘मुलींना रायफल देतात का?’ असा प्रश्न अजूनही येतो. देतात, आणि मन एकाग्र करून त्या उत्तम नेम साधतात.

जेवण कसे असते?

पोटभर आणि साधे असते. चपाती, भात, डाळ, भाजी आणि सकाळी पोहे, उपीट किंवा पुरी-भाजी असा बेत साधारण असतो. घरच्या झणझणीत रश्श्याची सवय असलेल्या मुलांना ते दोन दिवस अळणी वाटते आणि तिसऱ्या दिवशी तीच मुले पुन्हा वाढून घेतात. घरचे डबे, चटण्या, लाडू देऊ नयेत: खोलीत मुंग्या आणि उंदीर येतात आणि उन्हाने बिघडलेले खाऊन पोट बिघडते. पानात टाकायचे नाही आणि ताट स्वतः घासायचे, हे दोन नियम सर्वांना सारखे असतात. शेवटच्या रात्री ‘बडा खाना’ असतो. अधिकारी, जवान आणि छात्रसैनिक त्या रात्री एकत्र जेवतात.

मोबाइल चालतो का? मुलाशी बोलायचे झाल्यास काय करावे?

मोबाइल शक्यतो देऊच नये. दिल्यास तो जमा करून ठराविक वेळीच दिला जातो. अडचणीच्या वेळी सोबत गेलेल्या अधिकाऱ्यांशी संपर्क साधावा, त्यांचा क्रमांक निघण्यापूर्वी पालकांना दिलेला असतो.

बहुतेक मुलांना घराची ओढ सर्वांत जास्त लागते ती दुसऱ्या-तिसऱ्या रात्री. त्या वेळी फोन आला तर मूल रडते आणि घरी आईचा जीव थाऱ्यावर राहत नाही. अशा वेळी ‘उद्या न्यायला येते’ असे कृपया म्हणू नये, कारण ते एक वाक्य ऐकले की मूल बॅग भरून वाट पाहत बसते आणि शिबिरात मन घालण्याचे त्याचे सगळे प्रयत्न थांबतात. ‘आज काय शिकलास? शेजारी कोण झोपतो?’ असे विचारावे. पाचव्या दिवसानंतर हीच मुले फोनवर दोन मिनिटांत बोलणे आटोपतात. मात्र मूल सतत जेवत नसेल, झोपत नसेल किंवा एखादी गोष्ट सांगायला घाबरत असेल, तर ती घराची ओढ समजून सोडून देऊ नये. लगेच अधिकाऱ्याला कळवावे.

शिक्षा केली जाते का? मोठी मुले त्रास देतात का?

उशीर झाला तर मैदानाला फेरी मारावी लागते किंवा साफसफाईचे जादा काम मिळते. मारहाण, शिवीगाळ, अपमान, कपडे किंवा पैसे काढून घेणे, जातीवरून बोलणे आणि अंगाला नकोसा स्पर्श यांतले काहीही शिस्त या नावाखाली चालत नाही. ते कोणी केले, मग तो अंडर ऑफिसर, म्हणजे छात्रसैनिकांमधला वरिष्ठ, असो वा प्रौढ, मुलाने त्याच दिवशी आपल्या अधिकाऱ्याला, तेथे जमले नाही तर थेट शिबिर प्रमुखांना सांगावे. असे सांगणे म्हणजे चुगली नव्हे, हे घरातून निघण्यापूर्वी आई-वडिलांनी आपल्या तोंडाने मुलाला सांगावे. आमच्या सांगण्यापेक्षा त्याचा आधार मोठा असतो.

शिबिरातून दिल्लीला निवड होते का?

थेट होत नाही, पण सुरुवात येथून होते. संचलन, गोळीबार, नकाशावाचन, अडथळे आणि सांस्कृतिक कार्यक्रम यांत चमकलेली मुले हेरली जातात, पुढील निवड शिबिरांत त्यांची चाचणी होते आणि त्यांतून दिल्लीतील थलसैनिक शिबिर, म्हणजे छात्रसैनिकांचे देशपातळीवरील स्पर्धा-शिबिर, किंवा तेथीलच जानेवारीतील प्रजासत्ताक दिन शिबिरासाठी राज्याचा संघ ठरतो. ही वाट लांब असते आणि बरीच गुणी मुले मध्येच थांबतात. पन्हाळा परिसरात होणारा शिवाजी ट्रेल ट्रेक हा वेगळा उपक्रम असून त्यात इतर राज्यांतील छात्रसैनिकही येतात. १६६० च्या जुलैत पन्हाळ्याहून विशाळगडाकडे ज्या वाटेने मावळे गेले, त्या मुलखात परराज्यातील मुलांना पावनखिंडीची हकिकत सांगण्याची संधी आपल्या मुलांना त्यात मिळते.

छात्र सेनेत गेले की सैन्यात जावेच लागते का? नोकरी मिळते का?

कायद्यानुसार छात्रसैनिकावर सैन्यात प्रत्यक्ष सेवा करण्याचे बंधन नसते. सैनिकांचे गाव म्हणून ओळखले जाणारे सैनिक टाकळी ज्या जिल्ह्यात आहे, तेथे पुष्कळ मुले सैन्याचे स्वप्न घेऊनच येतात आणि त्यांना प्रमाणपत्राचा उपयोग होतो: भरतीत सवलत किंवा अतिरिक्त गुण मिळतात, आणि किमान ‘बी’ श्रेणीतील ‘सी’ प्रमाणपत्र व पदवी असलेल्यांना सेनेच्या विशेष प्रवेश योजनेत लेखी परीक्षेविना सेवा निवड मंडळाच्या मुलाखतीपर्यंत पोहोचता येते. मात्र ती मुलाखत सर्वांना सारखीच कठीण असते. प्रमाणपत्र दाखवून नोकरी पक्की करून देतो, असे कोणी सांगत असेल तर त्याला एक रुपयाही देऊ नये.

सुट्टीतील क्लास बुडतात, त्याचे काय?

दहा दिवस बुडतात. शिकवणीच्या शिक्षकांना आधी सांगून टिपणे मागून घ्यावीत. पुस्तके सोबत देऊ नयेत. ती उघडली जात नाहीत आणि ओझे तेवढे वाढते.

शेवटच्या दिवशी मुलाला न्यायला केव्हा यावे?

समारोपाचे संचलन, बक्षीस वितरण आणि सामान परत करणे झाल्यावर मुलांना त्यांच्या अधिकाऱ्यांकडे सोपवले जाते. पालकांनी परस्पर प्रवेशद्वारातून मुलाला नेऊ नये, सही करूनच न्यावे. त्याचा आवाज बसलेला असेल, नाक आणि मान रापलेली असेल आणि घरी पोहोचल्यावर ते बहुधा बारा-चौदा तास झोपेल. त्याला झोपू द्यावे. पायांचे फोड, अंगावरचे पुरळ आणि ताप आहे का, हे दुसऱ्या दिवशी पाहावे आणि बॅग त्यालाच उघडू द्यावी. गणवेश धुणे, बुटांना पॉलिश करणे आणि परत करायच्या वस्तू शाळेत आणून देणे हे काम छात्रसैनिकाचे आहे. शाळा सुरू झाल्यावर पहिल्या परेडला आम्ही ते तपासतो.